हात मागं घ्या, मॅडम

"हात मागं घ्या, मॅडम."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पाठीमागून हे वाक्य आलं तेव्हा मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी मोठं मोडलं. समोरच्या स्क्रीनवर तक्रारीच्या ओळी धडाधड उमटल्या होत्या आणि मी तीच आज्ञा पुन्हा द्यायला बोट उचललं होतं. वळून बघितलं तर एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ. इस्त्रीचा पांढरा शर्ट, रबरी चपला, खिशाला तीन पेनं आणि बगलेत एक लांबट निळी वही.

"शाळेत विश्राम म्हनल्यावर घेत हुता न्हवं, तसं. हां. आता वाचा. मोठ्यानं. पहिल्या ओळीपास्नं."

मी उदगीरची, पदवीला पहिल्या वर्गात आलेली, वय वर्षं चोवीस. हात पाठीमागं बांधून मी कंपायलरची इंग्रजी तक्रार मोठ्यानं वाचू लागले. शेडमध्ये दहा-बारा माणसं काम करत होती. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्यावरून हा प्रकार रोजचा असावा हे मी ताडलं.

"शेवटची ओळ समदेच वाचत्यात," वाचून झाल्यावर ते म्हणाले. "पोरगं पडलं तर शेवटी किती रडलं ते इचारून काय उपेग? आधी कुटं धडपडलं ते इचारावं. आता काय बी न बदलता परत चालवा. त्याच जागी पडतंय का बगू."

त्यांना सगळे उस्ताद म्हणत. आधी टिंगलीनं म्हणत असावेत. मी गेले तेव्हा त्यातली टिंगल झिजून नुसती सवय उरली होती.

आमची कंपनी वजनकाटे बनवायची. घोटावड्याच्या रस्त्याला, भाताच्या खाचराला लागून पत्र्याची शेड. दूध संकलन केंद्रांवर, रेशनच्या दुकानांत, कोळवणकडच्या भाताच्या गिरण्यांत आमचे काटे असायचे. त्या काट्यांच्या आत जो प्रोग्रॅम चालतो तो उस्ताद लिहायचे, आणि आता मीही लिहिणार होते. मी नेऱ्यात खोली घेऊन राहायचे. घरी सांगितलं होतं, हिंजवडीला आयटीत आहे. खोलीच्या गच्चीवरून हिंजवडीच्या काचेच्या इमारती दिसायच्या, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं.

उस्ताद मूळचे पौडचे. आयुष्यभर संगणकात घालवूनही बोलणं गावचंच राहिलं होतं. पुण्याहून रोज गाडीनं येणाऱ्या आमच्या शुद्ध बोलणाऱ्या मालकांपुढंही त्यांचं 'हाय-न्हाई' तसूभर हललं नाही.

सगळं जग तयार प्रोग्रॅम उतरवून घेतं आणि कामाला लागतं. उस्तादांना ते मंजूर नव्हतं. ते प्रत्येक गोष्टीचा सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, आणून आपल्या मशीनवर स्वतः बांधून घ्यायचे. कंपायलरसुद्धा. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा दुभाष्या. तर उस्ताद एका कंपायलरकडून दुसरा कंपायलर बांधून घ्यायचे, मग त्या दुसऱ्याकडून त्यालाच पुन्हा बांधून घ्यायचे, आणि दोन्ही वेळेला निघालेला माल बरोबर एकसारखा आहे अशी खात्री पटली की मगच कामाचं नाव. यात दिवस जायचा.

"अहो, तयार मिळतंय ना ते?" मालक कळवळून विचारायचे.

"मिळतंय की. भाकरी बी तयार मिळती. खायाला हरकत न्हाई, सायेब. पर एकदा तरी चूल बगून यावी."

मालक स्वतःच्या केबिनमध्ये निघून जायचे. दुसरा असा माणूस त्यांना आहे त्या पगारात मिळाला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता कंपायलर हाही शेवटी एक प्रोग्रॅमच, आणि कधीकधी काम करता करता तो स्वतःच कोसळतो. आपल्या लिखाणातली चूक दाखवून थांबला तर ते निराळं. कोसळणं म्हणजे दुभाष्याला बोलता बोलता भोवळ येणं. अशा वेळी तो शेवटचा श्वास घेताना एक निरोप छापतो: माझ्या आत काहीतरी बिघडलं आहे, कृपया आमच्या लोकांना कळवा. आता इतक्या स्वच्छ कबुलीनंतर कुणी वाद घालील? उस्ताद घालायचे.

"कंपायलर चुकत न्हाई, मॅडम. आपन चुकतो, न्हाईतर आपलं मशीन चुकतंय."

"पण तो स्वतःच म्हणतोय, माझी चूक आहे म्हणून!"

"ते त्याचं मोठेपन हाय. पाव्हन्याच्या हातनं पानी सांडलं तर आपन काय म्हनतो? 'ऱ्हाऊ द्या, तांब्याच तसला हाय.' म्हनून काय तांब्या वाईट व्हतो?"

मला त्यांचा राग यायचा, हे आज कबूल करते. नव्या मशीनला आठ कामं एकदम झेपत असताना ते एकच लावायचे. "आठ जन एकदम दारात घुसले तर कोन कुनाच्या पायात आलं ते कसं कळनार? एकेकानं आत या." एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा दुसरा हट्ट. म्हणजे किती एक? तर बिल्ड, म्हणजे हे बांधून घेण्याचं काम, चालू असताना पंखा बंद होता तर तो बंदच. चहा आला तर तो बिल्ड संपेपर्यंत टेबलावर ठेवायचा नाही. प्रत्येक पडझडीची नोंद निळ्या वहीत: दिवस, कुठली फाइल, कितवी ओळ, काय बदललं होतं. आमच्याकडं हजेरीपट नीट नव्हता, पण कंपायलर कुठल्या दिवशी कुठं पडला हे सालवार मिळायचं.

वहीचं पहिलं पान मात्र ते कुणाला दाखवत नसत. त्या पानाला त्यांनी क्लिप लावली होती.

एवढं खरं, की माणूस नुसता हट्टी नव्हता. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात दुपार झाली की बिल्ड कोसळायला लागला. प्रत्येक वेळी निराळ्या जागी. मी चारदा कोड तपासला. उस्तादांनी मशीनच्या पेटीला हाताची पाठ लावली, आपण पोराच्या कपाळाला लावतो तशी, आणि म्हणाले, "कनकन हाय. एकाच जागी पडलं तर लिखानात शोधायचं, जागा बदलून बदलून पडलं तर मशीनला बगायचं." मग शिडी लावून पत्र्यावर चढले आणि मशीनच्या बरोबर वर चार गोणपाटं ओली करून टाकली. कोसळणं थांबलं. मालकांनी येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगितलं की पत्र्याला रंग द्यायचा आहे. पावसाळा लागला, खाचरात भात लावून झाला, तरी गोणपाटं पत्र्यावरच. ती काढली तर एक गोष्ट बदलली असती ना.

त्यांचे वडील मी त्याच सुमारास पाहिले. शेडसाठी बल्ब आणायला मी उस्तादांबरोबर पौडला गेले होते. बाजारपेठेत त्यांचं विजेच्या सामानाचं जुनं दुकान. वायरीची भेंडोळी, होल्डर, मोटारीचे स्टार्टर, आणि त्यांच्या मधोमध पांढरीशुभ्र दाढी असलेले अब्बा. मी एक बल्ब मागितला. त्यांनी खोक्यातून काढला, काउंटरवरच्या होल्डरला लावला, पेटवला, विझवला. पुन्हा पेटवला. माझ्याकडं न बघता त्या उजेडाकडं बराच वेळ बघितलं, विझवला, पुसला आणि मग खोक्यात घातला.

"चाचा, याला कंपनीची गॅरंटी असते की," मी म्हटलं.

"ती कंपनीची. माजी येगळी. खराब माल हितनं जायाचा न्हाई."

बाहेर चार गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि प्रत्येकाचा माल असाच दोनदा पेटत होता. मी मनात म्हटलं, रक्तातच आहे हे. काउंटरच्या खाली एक काचेचं कपाट होतं, पूर्ण रिकामं, आणि त्या रिकाम्या कपाटाला कुलूप होतं. परत येताना मी उस्तादांना त्याबद्दल विचारलं. ते एवढंच म्हणाले, "आदी त्यात कॉम्प्युटरचं सामान हुतं. आता न्हाई ठेवत." आणि स्कूटरचा वेग वाढवला.

ऑगस्टमध्ये मालकांच्या मनात आलं की मशीनची मेमरी दुप्पट करावी, म्हणजे बिल्ड झटपट होईल. यात वाईट काहीच नव्हतं. पण उस्ताद एकदम उभे राहिले आणि त्यांचा आवाज चढला. तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"मेमरीला हात लावायचा न्हाई!"

"का?"

"न्हाई म्हनलं ना."

मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी शुक्रवारची वाट बघितली. शुक्रवारी उस्ताद नमाजला पौडला जायचे आणि अब्बांबरोबर जेवून परतायचे. ते गेल्यावर मालकांनी माझ्या हातात एक छोटं खोकं दिलं. "पाच मिनिटांचं काम आहे. बसवून टाका. आल्यावर वेग बघून खूशच होतील."

मी बसवली. खोटं कशाला बोलू, मला गंमतही वाटली. बिल्ड लावला. निम्म्यावर गेला आणि कोसळला.

शेडमध्ये उस्ताद नव्हते, तरी माझे हात आपोआप पाठीमागं गेले. माणसाला कशाकशाची लागण होते बघा. पहिल्या ओळीपासून वाचलं. काही न बदलता पुन्हा चालवलं. तीच फाइल, तीच ओळ. तिसऱ्यांदा तेच. मेमरीची नवी पट्टी काढून बघितली. बिल्ड सुरळीत पूर्ण. लावली, पुन्हा त्याच ओळीवर आडवा.

मालक आले, बघितलं आणि निकाल दिला. "पट्टी खराब आहे, नाहीतर बसवताना खराब झालीय. कुणी बसवली?"

हे विचारणारे तेच, ज्यांनी तासाभरापूर्वी खोकं माझ्या हातात दिलं होतं. "उद्या खुलासा लिहून द्या," असं सांगून ते केबिनमध्ये गेले. आमच्याकडं प्रत्येक गोष्टीचा लेखी खुलासा घ्यायची पद्धत होती. तो आपल्या फायलीला लागायचा, आणि कच्च्या नोकरीत असताना ज्याच्या फायलीला खुलासा लागला तो पक्का झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मी पक्की व्हायला दोन महिने राहिले होते. मी कागद घेतला आणि 'माझ्या हातून' इथपर्यंत लिहिलं.

उस्ताद आले. टेबलावरचं रिकामं खोकं त्यांनी बघितलं. आता ते आरडाओरडा करतील म्हणून मी मान खाली घातली.

"किती डाव पडलं?"

"चारदा."

"जागा?"

"तीच."

"काढल्यावर?"

"चाललं."

ते खुर्चीवर बसले. मग माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला, वाचला, त्याची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"हे लिवू नगा, मॅडम. मी लिवलं हुतं. एकदा लिवलं की खरं व्हतं ते."

मग त्यांनी वहीच्या पहिल्या पानाची क्लिप काढली.

वीस वर्षांपूर्वी ते एका मोठ्या कंपनीत होते. काचेच्या इमारतीत, गळ्यात पट्टा वगैरे. बिल्ड सावकाश चालतो म्हणून त्यांनी पुढाकार घेऊन मशीनला जादा मेमरी बसवली. ती आणली होती अब्बांच्या दुकानातून. अब्बांनी तेव्हा मुलाच्या कौतुकापोटी काचेच्या कपाटात संगणकाचं सामान ठेवायला नुकतीच सुरुवात केली होती. पट्टी बसवली आणि कंपायलर एका ठरावीक ओळीवर कोसळू लागला. काढली की चालायचा. मोठ्या गिऱ्हाइकाचं काम त्यात रखडलं. तिथल्या साहेबांनी चारचौघांत विचारलं, घरच्या दुकानातला खराब माल इथं खपवायला आणला का? उस्ताद म्हणाले, बहुतेक कंपायलरची चूक असेल. सगळे हसले. तेव्हा त्यांनी 'माझ्यामुळे झालं' असं लिहून दिलं आणि नोकरी सोडली.

"आन् अब्बांनी कपाट रिकामं केलं," ते म्हणाले. "मला एका शब्दानं बोलले न्हाईत. त्यांना वाटतंय, त्यांच्या मालानं माजी नोकरी गेली."

आता मला तो दोनदा पेटणारा बल्ब आठवला आणि मनातल्या मनात त्या दोघांना हसले होते त्याची लाज वाटली.

उस्ताद मालकांच्या केबिनमध्ये गेले. मी दाराशीच उभी होते. "सायेब, खुलासा मिळंल. पर कुनाचा लिवायचा ते आदी कळू द्या. तीन आठवडे द्या मला."

"आणि तोवर बिल्ड?"

"पट्टी काढून चालंल. सावकाश."

पहिल्यांदा त्यांनी मेमरीची तपासणी लावली. दिवसभर चालली, पट्टीत एकही दोष नाही. मग पिरंगुटहून दुसऱ्या दुकानातली, दुसऱ्या कंपनीची पट्टी आणली. ती लावली, तर त्याच ओळीवर पडला.

"उस्ताद," मी म्हटलं, "एकाच जागी पडतंय म्हणजे मशीनचा दोष नाही. तुमचाच नियम."

"व्हय."

"आणि एकच गोष्ट बदलली, पट्टी काढली, की पडत नाही, म्हणजे मशीनचा दोष. हाही तुमचाच नियम."

"व्हय."

"मग?"

"मंग काय. ईस वर्सं मी ह्या दोनाच्या मदी उभा हाय."

"मग कंपायलरच चुकतोय!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी एखाद्या वडीलधाऱ्याला एकेरी हाक मारली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते कंपायलरच्या सोर्सचे छापील कागद घेऊन. इतकी वर्षं हा माणूस तो सोर्स बांधत होता, पण त्याच्यावर संशय घेऊन एकदाही वाचला नव्हता. आता पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचायला बसले. दर पानाला हळूच 'माफ करा' म्हणत असावेत अशी मला शंका आहे.

सहाव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. एका ठिकाणी पेन्सिलीची खूण होती. हा कंपायलर काम सुरू करताना मशीनमध्ये मेमरी किती आहे ते बघायचा आणि त्यावरून आपल्या घरात झाडू कधी मारायचा ते ठरवायचा. काम करता करता त्याच्याकडं नको असलेल्या चिजांचा कचरा साठतो. तो मधूनमधून झाडून टाकावा लागतो. घर मोठं असलं तर झाडू उशिरा. म्हणजे मेमरी वाढवली की झाडू मारायची वेळ बदलते.

"आन् त्या नव्या येळंला," उस्ताद अगदी हळू म्हणाले, "कचऱ्याबरोबर कामाची चीज बी झाडली जात आसंल तर? मंग ती चीज घ्यायला हात घालनार, आन् तितं काय बी न्हाई."

"म्हणजे पट्टी चांगली, आणि झाडू वाईट."

"मी कुनाला वाईट म्हनलेलो न्हाई," ते घाईनं म्हणाले.

कंपायलरला झाडू कधी मारायचा हे बाहेरूनही सांगता येत होतं. त्यांनी पट्टी लावून, झाडू अजिबात मारू नको असं सांगून बघितलं. बिल्ड पूर्ण झाला. उलटी परीक्षा मला सुचली, याचा मला अजून अभिमान आहे. मी म्हटलं, पट्टी काढून टाकू, आणि त्याला पावलोपावली झाडू मारायला लावू. पट्टी मशीनच्या बाहेर असताना पडला तर तिच्यावर आळ कसा राहील?

उस्तादांनी पट्टी काढली आणि टेबलावर, रुमालावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मी बिल्ड लावला. दोघांनी हात मागं घेतले. तीच फाइल, तीच ओळ, आडवा! कोसळलेला प्रोग्रॅम बघून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. मी टाळी वाजवली. उस्तादांनी माझ्याकडं रागानं बघितलं, कारण अजून दुसऱ्यांदा चालवायचं राहिलं होतं.

माझ्यावरचा आळ टळला होता. राहिलं होतं पहिलं पान. त्यावर त्यांनी त्या जुन्या कोसळलेल्या जागेच्या चाळीसेक ओळी आठवून हातानं लिहून ठेवल्या होत्या.

"हेही बघू," मी म्हटलं.

"जुनं हाय ते. ऱ्हाऊ द्या."

"का पण?"

"न्हाई पडलं तर?" ते म्हणाले. "आत्ता निदान ठावं तरी न्हाई, मॅडम. न्हाई पडलं तर अब्बांचा माल खराब हुता, हे पक्कं व्हईल. मंग मी त्यांच्यासमोर जेवायला कसा बसू?"

मी वही मिटून त्यांच्यापुढं ठेवली. दोन दिवसांनी त्यांनी आपण होऊन त्या काळचा कंपायलर सोर्सपासून बांधायला घेतला. आजच्या कंपायलरला तो जुना काही केल्या पचेना. मधला एक आणावा लागला, त्याच्यासाठी आणखी एक. तीन पिढ्या मागं जाऊन एकदाचा तो उभा राहिला. मग त्यांनी चाळीस ओळी स्वतः टाइप केल्या, पावलोपावली झाडू मारण्याची आज्ञा लिहिली आणि खुर्ची सोडली.

"तुमी चालवा."

मी चालवलं. पडला. पुन्हा चालवलं. त्याच ओळीवर पडला. पहिल्या पानावर त्यांनी वीस वर्षांपूर्वी जी ओळ लाल पेनानं अधोरेखित केली होती, तीच.

उस्ताद नळावर गेले. बादली भरून घेतली, शिडी लावली आणि पत्र्यावर चढून गोणपाटं ओली करू लागले. बाहेर पाऊस पडत होता.

राहिला रीतसर निरोप. कंपायलर सांभाळणाऱ्या लोकांना कळवायचं तर आधी कोड कमीत कमी करावा लागतो. एकेक ओळ काढायची, अजून पडतो का बघायचं, पडला तर पुढची काढायची. अकरा ओळी उरल्या. सोबतचं पत्र उस्तादांनी लिहिलं. त्यात सुरुवातीच्या दीड पानात, चूक आमचीच असण्याची शक्यता कशी जास्त आहे याचं विवेचन होतं. ते मी कापलं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा थंड देशातून उत्तर आलं. उस्ताद माझ्या खुर्चीमागं विश्राममध्ये उभे राहिले.

"वाचा. मोठ्यानं."

त्या माणसानं लिहिलं होतं: चूक आमची आहे. फार जुनी आहे, अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांपासूनची. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. धन्यवाद.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"बगा, किती मोठा मानूस," उस्ताद म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "पर पाव्हन्याला म्हनत्यात तसं म्हनला नसंल कशावरनं?"

आता मात्र मी चिडले. "उस्ताद, त्यानं खाली दुरुस्ती पाठवलीय! तांब्या तसला आहे म्हणणारा माणूस नवा तांब्या घडवून पाठवत नाही!"

ती दुरुस्ती लावून त्यांनी कंपायलर पुन्हा बांधला. अकरा ओळी चालल्या. चाळीस ओळी चालल्या. नवी पट्टी लावून आमच्या काट्याचा प्रोग्रॅम बांधला, तोही चालला. मालक म्हणाले, "मग आता बिल्ड झाला ना? झालं तर!" आणि आठवण करून दिली की खुलासा यायचा राहिलाय. उस्तादांनी कागद घेतला आणि लिहिलं: 'मेमरी चांगली आहे.' खाली सही केली. तो माझ्या फायलीला लागला. खुलासा लागूनही पक्की झालेली मी पहिलीच.

खुलासा दिला तो दिवस शुक्रवार होता. नमाज झाल्यावर मी दुकानात यावं, असा त्यांचा आग्रह होता. "मी एकट्यानं सांगितलं तर अब्बांना वाटंल, समजूत घालतोय." मी पौडला पोचले तेव्हा अब्बा काउंटरमागं बसले होते आणि उस्ताद समोर उभे होते, हात मागं बांधून. सगळं सांगून झालं होतं की सांगायचं होतं, ते कळेना. अब्बा त्यांच्याकडं बघत होते.

"म्हंजे माल चांगला हुता?" अब्बांनी विचारलं.

"चांगला हुता."

"लावून बगितलंस?"

"बगितलं."

"दोनदा?"

"दोनदा, अब्बा. ह्या मॅडमनी चालवलं. मी हात बी लावला न्हाई."

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. अब्बांनी रुमालानं काउंटर पुसला. मग नुसताच तो रिकामा होल्डर पुसला.

तेवढ्यात एक बाई आल्या. कोळवणच्या असाव्यात; एसटीची घाई होती. "चाचा, एक बलब द्या, नऊ वॅटचा."

अब्बांनी फळीवरून खोकं काढलं. उघडलं. बल्ब हातात घेऊन एकदा फिरवून बघितला आणि परत खोक्यात घालून त्यांच्यापुढं सरकवला.

बाई होल्डरकडं बघत थांबल्या. घाई असूनही थांबल्या. "लावून नाय बगायचा व्हय?"

"चांगला हाय," अब्बा म्हणाले. "घेऊन जा."